लहू सुटला

बळवंत खोटं बोलला नव्हता. फक्त खरं पुरतं बोलला नव्हता, आणि त्या अर्ध्या बोलण्यानेच पाच वर्षांनी त्याची मान धरली.

झालं होतं ते असं. वेसाव्याच्या किनाऱ्यावर होडी लावायच्या जागेवरून भांडण पेटलं आणि बळवंतच्या धाकट्या भावाने, लहूने, हातातलं वल्हं समोरच्याला हाणलं. त्या माणसाचा हात कायमचा लुळा पडला. कोर्टाने लहूला पाच वर्षं सक्तमजुरी दिली. त्या दिवशी दोघा भावांच्या आईने, सरूबाईने, एकवीरा आईला बोलून ठेवलं, लेक सुटेपर्यंत माशाला तोंड लावणार नाही. कोळणीने मासा सोडायचा म्हणजे काय चेष्टा आहे? रोज अंधेरीच्या बाजारात बसून ती पापलेटं विकायची, गिऱ्हाइकाला त्यांची चव रंगवून सांगायची आणि घरी येऊन डाळभात गिळायची. आठ महिन्यांत म्हातारी सुक्या बोंबलासारखी वाळली.

चौऱ्याऐंशी साली हायकोर्टाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत लहूला जामिनावर सोडलं. जामीन राहिला बळवंत. संध्याकाळी भावाला घेऊन तो घरी आला, तेव्हा आई उंबऱ्यावरच बसली होती.

"सुटला?" तिने विचारलं.

"सुटला," बळवंत म्हणाला.

अपील काय, जामीन काय, हे सगळं तो सावकाश समजावणार होता. पण तोवर शेजारणीने ओल्या बोंबलाचं कालवण आणून दिलं आणि आई मान खाली घालून, बोटं चाटत जेवायला लागली. ते बघून बळवंतने तिला आणखी कालवण वाढलं. उद्या सांगू, मनाशी म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही.

मग एक झाकायला दुसरं आलं. दर रविवारी लहूला पोलीस ठाण्यात जाऊन सही करावी लागे. आईला सांगितलं, मच्छीमार सोसायटीत सही असते. लहूच्या होणाऱ्या बायकोला, जानकीला, लग्नाआधी मात्र सगळं खरं सांगितलं होतं. तिने आठ दिवस मागून घेतले आणि मग होकार दिला. रविवारच्या सहीपायी लहूला आठ-आठ दिवस लांब दर्यात जाता येईना. आई टोमणे मारी, "बाकीचे पोऱ्ये दर्यात, आन हा बायकोच्या लुगड्यात." लहू हसून ऐकून घेई. त्याला मुलगी झाली, ती चालायलाही लागली. अपील तिकडे पडून होतं. पडून आहे तेच बरं, असं दोघे भाऊ एकमेकांना सांगत.

एकोणनव्वदच्या जानेवारीत ते वर आलं आणि एकाच दुपारी संपलं. अपील फेटाळलं. चार आठवड्यांत लहूने हजर व्हायचं आणि उरलेली शिक्षा भोगायची.

"दिल्लीला जाता येईल," वकीलसाहेब म्हणाले, "पण खोटी आशा कशाला दाखवू? जामीन तुम्ही आहात बळवंतराव. त्याला आणून उभं करायचं काम तुमचं."

सव्वीस दिवस बळवंतने ढकलले. सत्ताविसाव्या दिवशी आई बाजारातून येऊन जेवायला बसली, तेव्हा तो तिच्यासमोर बसला आणि एका दमात सगळं बोलून गेला. लहू दाराशी मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

आईच्या ताटात मांदेलीचं कालवण होतं. घास हातातच राहिला.

"म्हंजे तवा सुटला नव्हता?"

"नाय."

"आन मी जेवले." ती ताटाकडे बघत राहिली. "पाच वर्सं जेवले. नवस मीच मोरला. म्हनून एकवीरा आईनं पोऱ्याला परत मागितला."

"आये, तसा नाय. ह्यो कोर्टाचा निकाल हाय. तुझ्या जेवन्याचा काय संबंध? चुकी माझी हाय, मी सांगितला सुटला म्हनून."

"तू सांगितलास," ती म्हणाली. "जेवले मी."

तिने शिव्या घातल्या असत्या, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तरी बळवंतला परवडलं असतं. पण तिने सगळा दोष आपल्याच ताटात वाढून घेतला होता आणि तिथून तो काढून घ्यायची सोय कुठल्याच कोर्टात नव्हती. ताट उचलून तिने मांजरापुढे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बळवंतने लहूला कोर्टात नेऊन हजर केलं. कागदावर सही केली. भावाला घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी एकटाच परत आला. आई उंबऱ्यावर बसली होती. आत चुलीवर नुसती डाळ शिजत होती.

"आता कवा?" तिने विचारलं.

"सवाचार वर्सं. थोडी माफी मिलली तर आधी."

तिने बोटांवर वर्षं मोजली.

"त्या दिशी तू येशील, त्याला घेऊन येशील, सुटला म्हनशील," ती म्हणाली. "मना कसा कलेल?"

बळवंत तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकला. त्या दिवशी सांगायलाही त्याच्याकडे दुसरा शब्द नव्हता.