निजायची गाडी

राघवेंद्रनं मोठ्या गाडीच्या बाकावर दोनदा बूड आपटून पाहिलं आणि तो खाली उतरला. बाक भक्कम होता. समोरासमोर दोन लांब बाक, वर टप, टपावर सामानाचा कठडा. सोलापूर स्टेशनवर उतरलेलं यजमानांचं अख्खं बारदान गाठोड्यांसकट एका खेपेत तुळजापुरात आणून टाकावं, अशी ती गाडी. हीच घ्यायची, असं त्याच्या वडिलांनी, मार्तंडरावांनी, बजावलं होतं. देवीच्या उपाध्याकडं येणाऱ्या यजमानांनी बसच्या गर्दीत चेंगरत का यावं, हा त्यांचा रोकडा सवाल. पोराच्या मनात दुसरंच काही शिजतंय याचा वास त्यांना लागला होता. म्हणून आज उस्मानाबादला गफारच्या गॅरेजवर मुलगा-सुनेसोबत त्यांनी बायकोलाही धाडलं होतं. गिरिजाबाई पहाऱ्यावर होत्या.

पहारेकरी लिंबाच्या सावलीत पदर सावरून उभ्याच होत्या. गफारनं आपली एकुलती एक धड खुर्ची पुसून ठेवली होती, पण ज्याला बसायचीच सवय नाही त्याला खुर्चीचं काय कौतुक?

"काकू, टेका की जरा."

"असू दे रे बाबा. आता निघायचंच की."

दुसरी गाडी लिंबाच्या पलीकडं उभी होती. लहानशी, निळी, बसक्या नाकाची. कालव्याच्या सर्व्हेवर आलेल्या एका इंजिनियरानं रानात मुक्काम करण्यासाठी ती मुद्दाम करून घेतली होती. पुढं त्याची बदली नागपूरला झाली. जिल्हा पूर्वीसारखा हैदराबाद राज्यात असता तर ती हैदराबादला झाली असती आणि गाडीही तिकडं गेली असती. आता प्रांतच बदलले, तर ती गफारकडं येऊन पडली. रोज चार माणसं आरामात बसावीत आणि मागचा बाक पाडला की दोघांचं अंथरूण व्हावं, अशी तिची रचना. स्टोव्हला इवलंसं कपाट, खिडक्यांना पडदे.

राघवेंद्र हायस्कुलात मास्तर होता. आठवडाभर शाळा आणि बाजारहाट, शनिवारी शाळा सुटली की नळदुर्गाकडं नाहीतर रामलिंगाच्या डोंगराकडं जायचं, झाडाखाली गाडी लावायची आणि निवांत निजायचं. बस, एवढंच त्याला आणि त्याच्या बायकोला, वनमालेला, हवं होतं. ऐकणाऱ्याला हे खूळ वाटेल. पण उपाध्याच्या घरात जन्म काढलेल्याला नाही वाटायचं. त्या घरात अंथरूण आधी यजमानांचं. राघवेंद्र लहानपणापासून कुणाकुणा परगावच्या काकांच्या घोरण्यात झोपला होता, आणि वनमाला लग्न होऊन आल्यापासून एका कोपऱ्यात सलग आठवडाभर निजली नव्हती.

"घर असताना गाडीत निजायचं?" गिरिजाबाईंनी लांबूनच विचारलं. "वनवास लागलाय का तुम्हाला? आणि रविवारी दारात यजमान आले की त्यांचं कुणी बघायचं?"

राघवेंद्रनं मोठ्या गाडीकडं पाहिलं. वडिलांचं ऐकावं आणि मोकळं व्हावं, असं त्याच्या मनात आलं.

वनमाला मात्र सासूचं पाणी ओळखून होती.

"आई, मामंजी विचारतील ना, त्या गाडीत खोट काय होती म्हणून. आतून न बघता कसं सांगाल?"

हे गिरिजाबाईंना पटलं. खोट काढायची तर रीतसर काढावी. त्या निळ्या गाडीत चढल्या. कपाट उघडून म्हणाल्या, "यात तेलाची बाटली उभी राहायची न्हाय." गादी दाबली. "कापूस बरा दिसतोय. पण फळी टोचत असंल." टोचते की नाही हे दाबून कळेना, तेव्हा त्या अंमळ आडव्या झाल्या.

"मास्तर, तवर मोठीचं इंजिन बघून घ्या," गफार म्हणाला.

बॉनेट उघडून दोघं इंजिनावर वाकले. गफार एकेक भाग दाखवत होता, राघवेंद्र हं हं करत होता. मोठीच घ्यायची, असं त्यानं ठरवून टाकलं होतं, आणि ठरवल्यावर जिवाला जे बरं वाटायला हवं ते वाटत नव्हतं. तेवढ्यात वनमाला लगबगीनं आली. त्याची बाही धरून तिनं त्याला निळ्या गाडीपाशी नेलं.

गिरिजाबाई झोपल्या होत्या.

एका कुशीवर, गालाखाली हात, तोंड किंचित उघडं. पडदा वाऱ्यानं हलत होता. भेगाळलेली पावलं दाराबाहेर आली होती.

राघवेंद्र पाहतच राहिला. तिशी ओलांडलेला तो माणूस, पण आईला झोपलेलं त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. रात्री सगळ्यांची अंथरुणं घालून झाली की ती स्वयंपाकघरात कुठंतरी पोतं टाकायची म्हणे. पहाटे देवळात चौघडा वाजायच्या आत तिची अंघोळ झालेली असायची. आई झोपत असणारच, एवढंच तो जन्मभर धरून चालला होता.

नवरात्राआधी देवी निद्रा घेते. मूर्ती गाभाऱ्यातून उचलून पलंगावर निजवतात. त्या दिवसांत राघवेंद्रच्या घरात कुणी गादीला पाठ लावत नसे, आवाज चढवत नसे. देवी थकलीय, तिला निजू द्या, असं आईच लहानपणी ओठांवर बोट ठेवून सांगायची. काय करतोय हे कळायच्या आत त्यानं पायातल्या चपला काढल्या.

पलीकडं गफारचा माणूस पत्रा ठोकत होता. राघवेंद्रनं हात वर केला. गफारनं एकदा गाडीत डोकावलं, आणि स्वतः जाऊन त्या माणसाच्या हातातली हातोडी काढून घेतली. गॅरेजमध्ये एवढी शांतता कधी झाली नसेल. तुळजापूरची बस फाट्यावरून हॉर्न देत निघून गेली. कुणी हललं नाही.

ऊन कलल्यावर गिरिजाबाई दचकून उठल्या. पदर शोधत, अर्धवट झोपेतच त्यांनी विचारलं,

"किती पानं मांडायची रे?"

"एक बी न्हाय, आई."

त्यांनी मुलाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. मग दाराबाहेरचे पाय आत ओढून घेतले आणि पडद्याकडं तोंड करून त्या पुन्हा आडव्या झाल्या.

"दार तेवढं लोटून घे," त्या म्हणाल्या.