तेवीस चिरलेली पेनं

दुकानाचा उस्ताद, मुअल्लिम महजूबने सतरावं पेन डावीकडे ठेवलं आणि अठरावं उचललं. अंगठ्याचं नख त्याने पेनाच्या गोलाईवरून आडवं, सावकाश फिरवलं. नख अडखळलं. फार नाही, केसाच्या जाडीइतकं. पेन खिडकीतल्या उजेडात तिरकं धरल्यावर अरार झाडाच्या मुळाच्या गाठीतल्या, डोळ्यांसारख्या तपकिरी ठिपक्यांमधून गेलेली एक सरळ रेघ त्याला दिसली. अरारच्या गाठीत सरळ रेघ नसते. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात ती त्याने कधी पाहिली नव्हती.

त्याने ते उजवीकडे ठेवलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं.

दुपारच्या नमाजाची बांग होईपर्यंत उजवीकडे तेवीस पेनं जमली होती. डावीकडची सतरा धडधाकट होती. चाळीसही शनिवारी मुलींच्या शाळेत पोहोचायची होती. बारावीत उत्तीर्ण झालेल्या चाळीस मुलींना मुख्याध्यापिका लल्ला झोहूर ती आपल्या हाताने देणार होत्या. आज गुरुवार होता.

लाकूड चिरतं, याचा महजूबला राग आला नव्हता. लाकूड चिरणारच; तो त्याचा धर्म. राग आला तो चीर बुजवलेली होती याचा. त्याच लाकडाचा बारीक भुसा सरसात कालवून, चिरेत दाबून, वरून लाखेचे नऊ-दहा हात इतके बेमालूम दिले होते की दहा दिवस ही पेनं त्याच्या डोळ्यांसमोर असून त्याला कळलं नव्हतं. भरण आता सुकून आत बसलं, म्हणून नख अडखळलं. एस्सावीरा बंदराच्या तटबंदीखाली लाकूड कातणारे कातारी पुष्कळ होते. पण असं पॉलिश करणारा हात एकच होता, आणि तो गेली तीस वर्षं याच दुकानात, समोरच्या बाकड्यावर बसत होता.

तो हात ज्याचा, तो ब्रीक, पाव आणि तळलेल्या बांगड्यांचा पुडा घेऊन आला. त्याने बाकावरच्या दोन राशी पाहिल्या आणि पुडा न सोडताच खाली ठेवला.

महजूबने आवाज चढवला नाही. त्याने एकेक प्रश्न विचारला, आणि प्रत्येक उत्तर पुरतं मिळाल्याशिवाय पुढचा विचारला नाही. गाठी कोंड्याच्या गोणीतून केव्हा काढल्या? महिनाभर आधी. किती महिने मुरल्या होत्या? दोन. सहा का नाही? तारीख जवळ आली होती. मग दोन महिन्यांचं ओलं लाकूड कातण्याइतकं कोरडं झालं कसं? तेव्हा कुठे बाहेर आलं, की ब्रीकने ते तुकडे गल्लीतल्या हमामच्या भट्टीवर, छताच्या गरम फरशीवर अकरा दिवस पसरून ठेवले होते. दुकानातला भुसा आणि ढलप्या रोज त्याच भट्टीत जात. भट्टीवाला ओळखीचा, त्याने हरकत घेतली नाही.

"ढलप्या टाकायची जागा आहे ती," महजूब म्हणाला. "तिथे तू माझं लाकूड भाजलंस. कोंबडी आहे का ती?"

ब्रीकचं म्हणणं साधं होतं. शाई कांडीतून येते, लाकडातून येत नाही. चिरलेलं पेनही लिहितंच. मुलींना काय कळणार? लल्ला झोहूरनाही कळणार नाही. आणि शाळेत द्यायची नसतील, तर समोरचा दुकानदार तेवीसही आजच घेईल. त्याचं गिऱ्हाईक चीर उघडायच्या आत विमानात बसलेलं असतं.

महजूबचे कान तापले. चीर तिथे थांबत नाही, हे या माणसाला सांगावं लागत होतं. हिवाळ्यात समुद्राची ओल लाकडात शिरणार, मार्चमधल्या कोरड्या वाऱ्यात ती निघून जाणार. चीर लांबणार, आतली पितळी नळी सुटणार, आणि एखादी मुलगी परीक्षेच्या बाकावर हातात दोन तुकडे घेऊन बसणार. त्या तुकड्यावर, टोपणाच्या खाली, लाकडातच कातलेली दोन बारीक कडी असतील. ती कडी महजूबच्या वडिलांची खूण. या गल्लीत ती दोन कडी पाहिली की माल कोणाचा हे विचारावं लागत नसे.

तो उठला. उजवीकडच्या राशीतलं एक पेन उघडून त्याने लाकडी नळी लेथवर चढवली, बारीक पटाशी टेकवली आणि ती दोन्ही कडी छिलून काढली. मग दुसऱ्याची. ब्रीक बघत राहिला. तेवीसच्या तेवीस नळ्या बोडक्या झाल्या तेव्हा महजूबने त्या टोपलीत भरून ब्रीकच्या मांडीवर आदळल्या.

"घे. आता माझं नाव नाही यांवर. तुझं घाल आणि वीक. शाळेत वीक, समोरच्याला वीक, बंदरावर ओरडत वीक. लोकांना सांग, ब्रीकचा माल आहे म्हणून."

ब्रीकने टोपलीत हात घातला. एक नळी काढून उजेडात धरली, फिरवली. स्वतः भरलेल्या चिरेवरून अंगठा नेला आणि परत आणला. नळी टोपलीत परत टाकली.

"नाही विकणार," तो शेवटी म्हणाला.

"का?"

"तीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव लागणार, आणि ते या असल्या लाकडावर?"

महजूबने हातातली पटाशी बाकावर आपटली. "म्हणजे माझ्या नावाला चालत होतं!"

"महजूब," ब्रीक म्हणाला. मुअल्लिम म्हणाला नाही. दुकानात हे पहिल्यांदाच घडत होतं. "लल्ला झोहूरना तारीख तू दिलीस. गोणीत हात घालून लाकूड बघितलंस? नाही. मला म्हणालास, लाकडाचं तू बघ. मी सांगितलं होतं, ओलं आहे. तू म्हणालास, काहीतरी कर. मी काहीतरी केलं. चुकलं माझं. पण ते लपवायला मला कोणी शिकवलं? तुझ्यासमोर 'होत नाही' म्हणायची सोय कधी होती?"

महजूबचा राग दुप्पट झाला. 'काहीतरी कर' हे शब्द त्याला आठवत होते. ते शब्द बोलताना तो दुसरंच काम कातत होता आणि त्याने मान वर केली नव्हती, हेही आठवत होतं.

त्याने टोपली ओढून घेतली, पहिली नळी लोखंडी शेगड्याच्या जबड्यात धरली आणि आवळली. लाकूड बरोबर त्या भरलेल्या रेघेवर फुटलं. आतलं पितळ वाकू न देता त्याने सोडवलं. ब्रीकने शेजारचा शेगडा ओढला. दोघांनी तेवीस नळ्या फोडल्या. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. बांगडे गार झाले.

मग महजूबने तोंड धुतलं, सतरा पेनं फडक्यात गुंडाळली आणि शाळेत गेला. लल्ला झोहूरसमोर त्याने ब्रीकचं नाव घेतलं नाही. लाकूड ओलं होतं आणि मी ते न बघता तारीख दिली, एवढंच सांगितलं. त्या बाई त्याच्यापेक्षा वयाने लहान होत्या, पण त्यांनी त्याला उभं ठेवूनच सुनावलं. चाळीस मुली रांगेत उभ्या राहणार; अठराव्या मुलीला मी काय सांगू, मुअल्लिम, तुझं लाकूड ओलं होतं म्हणून? त्यांनी सतराही परत केली. फेब्रुवारीत, दुसरं सत्र सुरू झाल्यावर, माजी मुलींना बोलावून सगळी एकदम देता येतील. चाळीस असतील तरच, एक कमी असेल तर एकही नको.

तो परतला तेव्हा ब्रीकने नव्या गाठी गोणीत, कोंड्यात पुरून ठेवल्या होत्या.

"काय म्हणाल्या?"

"फेब्रुवारी. चाळीस. आणि मला उभं केलं." महजूबने गोणीचं तोंड सोडलं, कोपरापर्यंत हात आत घालून एक गाठ बाहेर काढली, हुंगली, परत पुरली. "दर जुम्म्याला दोघांनी बघायचं. ओलं असलं तर तोंडावर सांगायचं मला."

"आणि नाव कोणाचं घालायचं?" ब्रीकने विचारलं.

"माझा राग अजून गेलेला नाही," महजूब म्हणाला. "जेव आधी."