बादलीत गुलाबी, भट्टीत निळा

बाबांच्या हातून पुन्हा कप सांडला. पांढऱ्या फरश्या जडवलेलं टेबल, त्यावर पांढरा कप, आणि डोळ्यांत उतरलेलं धुकं. हात कपाच्या शेजारीच चाचपडला, धक्का लागला आणि चहा मांडीवर ओघळला.

"भाजलं का?" धाकट्या सुनेनं फडकं आणलं.

"भाजायचं काय गं! जन्मभर कप घडवले, आता तेच मला हुलकावणी देतात."

बाजारचा रंगीत कप आणून पाहिला होता. त्यांनी ओठसुद्धा लावला नाही. "परक्याच्या भांड्यातून प्यायला मी काय पाहुणा आहे?" आणि घरच्या कारखान्यात रंगाला थारा नव्हता. बाबांचा नियमच तसा. वर काचेसारखी नितळ झिलई, आणि तिच्याखाली पांढऱ्या मातीचं अंगचं रूप.

धाकटीनं मनाशी गाठ बांधली. बाबा स्वतःच्या हातानं पितील, आणि घरच्याच कपातून.

पहिला डाव फसला. नितळ झिलईच्या बादलीत तिनं निळा रंग देणारी कोबाल्टची भुकटी ढवळली, तर नुसती फिकट गुलाबी झाक. याला निळा कोण म्हणेल? म्हणून आणखी एक चमचा, त्यावर आणखी एक. भट्टी उघडली तर कप कोळशासारखे काळे, आणि जास्तीच्या रंगानं झिलई अशी ओघळलेली की सगळे भट्टीतल्या फळीलाच चिकटून बसलेले.

कारखाना थोरली जाऊ सांभाळायची. छिन्नीनं फळी खरवडता खरवडता ती म्हणाली, "धाकटे, कप केलेस की फळीला शिंगं लावलीस?" हसली, मग हसू आवरून म्हणाली, "आधी खापऱ्यांवर करून बघ. त्यानंतर कपांसाठी भट्टीत एकदाच कोपरा देईन. पुन्हा फळी बिघडली तर रंगाचा डबा माळ्यावर. मग बाबांना चमच्यानं पाजायचं, दुसरं काय करणार?"

चमच्यानं! छिन्नी जणू फळीवर नाही, धाकटीच्या काळजावर चालली होती.

आता ती भुकटी काट्यावर तोलू लागली. खलात घोटायची, पाण्यात कालवून फडक्यातून गाळायची, आणि घोटता घोटता ओठांत गुणगुणायची:

वाटते मी रंग गं, गाळते मी पाणी
म्हाताऱ्या डोळ्यांना गं, दाव निळी निशाणी.

खापऱ्या भाजून आल्या. एक काळी, एक गडद, एक निळीशार, एक आजारी आकाशासारखी. काही न बोलता तिनं एकेक बाबांच्या टेबलावर ठेवून पाहिली. फिकी त्यांना दिसलीच नाही. निळीशार ठेवली, तसे बाबा सरसावले.

"अगं, झुरळ! हाण त्याला!"

धाकटी हसत सुटली, आणि हसता हसताच डोळे पुसून तिनं त्या खापरीचं माप पक्कं केलं.

कपांसाठी बादली भरली. पुन्हा तीच मरतुकडी गुलाबी झाक. थोरलीनं डोकावून नाक मुरडलं. "हे तर पाणी घातलेलं दूध! टाक की आणखी चिमूटभर."

हात डब्याकडे गेलाही होता. धाकटीनं तो मागे घेतला.

"नाही ताई. बादली खोटं बोलते. एकदा फसले मी तिला."

"आणि फिका आला तर?"

"नाही यायचा. खापरीनं सांगितलंय." तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा थोरलीच्याच हातात दिला. "हा धरा. माझ्या हाताचा भरवसा नाही."

भट्टी निवली. थोरलीनं कप उचलला, तो अलगद सुटला. फळी कोरी होती. कप बाहेरून निळाशार, आतून पांढरा. चहाचं आधण थोरलीनंच ठेवलं.

चहा टेबलावर आला. दोघी दारात उभ्या राहिल्या. बाबांचा हात उठला, चाचपडला नाही, सरळ कपाच्या कानावर गेला. एक घोट. मग दुसरा.

"मातीला रंग कोणी फासला?"

"मी, बाबा."

"हं." त्यांनी कपात डोकावून पाहिलं. "आतून नितळच ठेवलास?"

"चहा किती उरला ते दिसावं म्हणून."

बाबांनी उरलेला चहा घोटाघोटानं संपवला. मग त्यांनी कप पुढे केला.

"तळ दिसतोय. ओत आणखी."