कोंडाजीचा हात

"कामगार हा इतिहासाचा सारथी आहे," असं प्राध्यापक सोपानराव कारखान्याच्या फाटकासमोर बाकड्यावर उभे राहून म्हणाले, तेव्हा इतिहासाचा सारथी चाकणच्या बसच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरत होता. जागा धरून झाली की तो परत येई आणि उरलेला इतिहास उभ्यानं ऐके.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. पिंपरीहून भोसरीकडे जाताना पंपांचा एक कारखाना होता. तिथल्या कामगारांची संघटना होती आणि सोपानराव तिचे अध्यक्ष होते. ते पुण्यात एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत. कामगारांनी त्यांना अध्यक्ष केलं यामागे मोठा विचार होता. कंपनी मराठीतलं पत्र वाचत नसे आणि कामगारांत इंग्रजी लिहिणारा कोणी नव्हता. पुष्कळांना मराठी लिहिण्याचाही त्रास नव्हता. तेव्हा स्कूटर आणि इंग्रजी या दोन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत तो आपला पुढारी, हे ठरवायला त्यांना वेळ लागला नाही.

सभा सकाळपाळी सुटल्यावर व्हायची. दुपारपाळीवाले तोवर आत गेलेले असत. सकाळपाळीवाले फाटकाबाहेर आले की सोपानराव बाकड्यावर चढत. चार वाजता बस सुटे. तिचा ड्रायव्हर रंगराव इतिहासासाठी थांबत नसे, आणि ती चुकली तर मोशी, कुरुळी, चाकणकडच्या माणसाला मालट्रकवाल्याच्या पाया पडत घरी जावं लागे.

म्हणून या संघटनेत एक पद्धत पडून गेली होती. "हा ठराव ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत" हे वाक्य सोपानरावांच्या तोंडून अर्धं बाहेर पडलं की हात वर होत. ठराव कशाचा, हे कोणी ऐकत नसे. हात वर झाले की विषय संपतो, विषय संपले की सभा संपते, सभा संपली की बस मिळते, एवढं अर्थशास्त्र त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. बँका, डाळींचे भाव, व्हिएतनामची जनता, सगळ्यांना कारखान्याचा एकमुखी पाठिंबा होता. व्हिएतनाम हे खेडच्या अलीकडे की पलीकडे, यावर मात्र बसमध्ये दुमत होतं.

पहिला हात वर जाई तो कुरुळीच्या कोंडाजीचा. कोंडाजी दिसायला ताडासारखा, सभेत पुढं उभा राही आणि जेवणाचा डबा धरलेलाच हात वर करी, त्यामुळे तो लांबूनही दिसे. बाकीचे त्याच्याकडे बघून हात वर करीत. कोंडाजीला एवढी घाई का, तर त्याच्या घरी एक म्हैस होती. ती त्याच्याशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नसे. त्याच्या बायकोनं, छबूबाईनं, एकदा प्रयत्न केला होता आणि लाथ खाऊन त्या कामातून कायमचं अंग काढून घेतलं होतं. थोडक्यात, या संघटनेची देशविदेशातली सगळी धोरणं कुरुळीच्या एका म्हशीच्या सवडीनं ठरत होती. सोपानराव मात्र पुण्यातल्या मित्रांना सांगत, की आमच्याकडे एकही ठराव आजवर बहुमतानं झालेला नाही, झाला तो एकमतानं.

आता भिवाचं. भिवा हा ओतशाळेतला हेल्पर. दुष्काळात जालन्याकडून बायको कस्तुराला घेऊन आला आणि पिंपरीत पत्र्याच्या खोलीत राहिला. क्रेनला लटकलेल्या साच्याखाली उभं राहायला सुपरवायझरनं सांगितलं, हा म्हणाला साखळी झिजलीय, मी राहणार नाही. कंपनीनं साखळी तशीच ठेवली आणि भिवाला काढून टाकलं. त्याला परत घ्या असं संघटनेनं ठराव करून कंपनीला कळवायचं होतं. तसं झालं नाही तर नवरा-बायकोला खोली सोडून जालन्याला परत जाणं आलं, आणि तिकडे जाऊन करायचं काय, ते कोणालाच माहीत नव्हतं.

ठराव साधा होता. तो शेवटी ठेवलेला होता.

सभेच्या दिवशी कस्तुरा फाटकापाशी आली आणि तिनं सोपानरावांना गाठलं.

"सायब, आमचा इषय आधी घ्या की. मागल्या टायमाला बस निघून गेली अन् तसाच राहिला."

"बाई," सोपानराव प्रेमानं म्हणाले, "प्रश्न एकट्या भिवाचा नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे. आधी व्यवस्था समजून घेतली, की भिवाचा प्रश्न आपोआप सुटतो."

"तवर खायचं काय?"

"हाच तो प्रश्न," असं म्हणून सोपानराव बाकड्यावर चढले.

त्या दिवशी त्यांना फार बोलायचं होतं. कामगार राजकारणात का उतरत नाही, या विषयावर त्यांनी नुकतंच एक व्याख्यान दिलं होतं आणि ते अजून अंगात होतं. कारणं त्यांनी शोधून काढली होती: दारिद्र्य आणि शिक्षणाचा अभाव. ही कारणं त्यांनी दरिद्री आणि अशिक्षित माणसांना पुन्हा पुन्हा समजावून सांगितली. माणसं माना डोलावत होती. मागे रंगरावनं इंजिन सुरू केलं.

लोक चुळबुळले. एकदोघं मागच्या मागे सरकले. सोपानराव दुखावले. पुण्यात त्यांच्या व्याख्यानातून कोणी उठून जात नसे, कारण तिथे विद्यार्थ्यांची हजेरी घेतली जाई.

"तुम्हाला ऐकायचंच नसेल," ते कडू आवाजात म्हणाले, "तर मी इथे कशाला तडफडत यायचं? मी अध्यक्षपदाचा राजीनामा देतो. बोला, कोणाला हवाय माझा राजीनामा? हात वर करा."

रंगरावनं हॉर्न वाजवला. कोंडाजीचा डबा वर गेला. पाठोपाठ सगळे हात वर गेले.

मग माणसं बसकडे पळाली. सोपानराव बाकड्यावर तसेच राहिले. समोर कस्तुरा उभी होती आणि संघटनेचा चिटणीस विलास उभा होता. विलास नववीपर्यंत शिकलेला, त्यामुळे काय झालं ते त्याला कळलं होतं.

"एकमतानं," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं विलासला सांगितलं, की तुमच्या संघटनेला आता अध्यक्ष नाही, तेव्हा भिवाबद्दल बोलायचं कोणाशी? विलास धावत पुण्याला गेला. सोपानराव गच्चीत आरामखुर्चीवर बसले होते आणि अजून बाकड्यावरून उतरलेले नव्हते.

"हा कट आहे, विलास. कोणीतरी या भोळ्या माणसांच्या अज्ञानाचा फायदा घेतला."

"तसं न्हाई सर. त्यांना बस पकडायची होती."

"तेच म्हणतो मी. अज्ञान."

शेवटी ते एका अटीवर परत यायला तयार झाले. सर्व कामगारांनी जाहीर सभेत, हात वर करून, 'राजीनामा मागे घ्या' असा ठराव करायचा. तोही एकमतानं. आणि हा विषय पहिला.

"आन् भिवाचा?"

"घेऊ की. शेवटी."

विलासनं हे येऊन भिवाच्या खोलीवर सांगितलं. भिवा भिंतीकडे तोंड करून बसला. कस्तुराला वाचता येत नव्हतं, पण दोन सभांना ती फाटकापाशी उभी होती, आणि बोलणं कळेना म्हणून माणसांकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी ती चालत कुरुळीला गेली. कोंडाजी गोठ्यात होता.

"दाजी, परवाच्या सभेला तुमी हात वर करू नका."

कोंडाजीनं तिच्याकडे पाहिलं. असलं मागणं त्याच्याकडे कोणी केलं नव्हतं.

"का वं?"

"सगळे तुमच्या हाताकडं बघायलेत. सायबाच्या तोंडाकडं कोणीबी बघंना. तुमचा हात खाली राहिला तर समद्यांचा खाली राहील. सायबाला ठराव पायजे. त्यांनी आदी आमचा घेतला की मंग करा वर."

"आगं बाई, हात वर न्हाई केला तर सभा संपत न्हाई. सभा न्हाई संपली तर बस जाती. बस गेली तर हिचं काय?" त्यानं म्हशीकडे बोट दाखवलं. "ही वरडून गाव गोळा करती."

"हिची धार मी काढते."

"ही कुणाला काढू देत न्हाई."

"माज्या माहेरी म्हशीच होत्या. दुष्काळात गेल्या."

कोंडाजीनं बराच वेळ विचार केला. व्हिएतनामबद्दल त्यानं कधी इतका विचार केला नव्हता. मग म्हणाला, "लाथ खाल्लीस तर मला बोलायचं न्हाई."

सभा भरली. सोपानराव बाकड्यावर चढले. आपल्याला कोणाबद्दल राग नाही, अज्ञानाला क्षमा असते, असं बोलून त्यांनी विचारलं, "मी राजीनामा मागे घ्यावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत."

एकही हात वर झाला नाही.

कोंडाजी डबा पोटाशी धरून उभा होता. त्याच्या मागची माणसं त्याच्याकडे बघत होती. कोणी अर्धा उचललेला हात खाली घेतला आणि डोकं खाजवलं. सोपानरावांना वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी आवाज थोडा चिरकला. रंगरावनं इंजिन सुरू केलं. वरच्या मजल्यावर, ऑफिसच्या खिडकीत, मॅनेजर येऊन उभा राहिला.

कोंडाजीच्या कपाळावर घाम आला होता. त्याला म्हैस दिसत होती.

"सर," कस्तुरानं आधीच सांगून ठेवलेला विलास खालून कुजबुजला, "आदी भिवाचा विषय घ्या. मग करतील."

"पण क्रम ठरलाय."

"मग बसा राजीनामा घेऊन."

सोपानराव घसा खाकरून म्हणाले, "भिवाला कामावर परत घ्यावं, असं ज्यांना..."

पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. कोंडाजीचा डबा इतक्या जोरात वर गेला, की झाकण उडून शेजाऱ्याच्या पागोट्यावर पडलं. मग राजीनामाही मागे गेला, डाळींचे भाव खाली आले, आणि रंगरावनं हॉर्न वाजवायच्या आत बस भरली.

ज्या वेळी हे घडलं त्या वेळी, ज्या बाईनं ते घडवलं ती कुरुळीत म्हशीखाली बसली होती. म्हशीनं चार थेंब दिले आणि नंतर लाथेनं चरवी उडवली. त्या दुधाचं कोंडाजी पुढं कितीतरी दिवस भिवाला बोलून दाखवत होता.

मॅनेजरनं मात्र खिडकीतून वेगळंच पाहिलं. सोपानरावांची भाषणं त्यानं वर्षानुवर्षं चहा पीत ऐकली होती आणि त्यांची त्याला काही भीती वाटत नव्हती. पण सांगूनही हात वर न करणारी माणसं त्यानं पहिल्यांदाच पाहिली. याचा अर्थ यांना कोणीतरी खरा पुढारी मिळालाय, असं त्यानं वरिष्ठांना कळवलं. आठवड्यात भिवा कामावर आला.

सोपानरावांनी विजयसभा घेतली. भिवाला हार घातला, ओढून बाकड्यावर उभं केलं. दारिद्र्य आणि अज्ञान यांच्या अंधारातून कामगार आज जागा झाला, आज त्यानं विचार करून हात वर केला, असं ते बोलले. खाली बरीच माणसं बसकडे बघत होती.

"भिवा," सोपानराव म्हणाले, "तू आता एकटा नाहीस. तू एक शक्ती आहेस. माग, काय मागायचं ते. संघटना तुझ्यासाठी झगडेल."

भिवानं हार काढून हातात घेतला.

"सायब, तेवढं मला कायमचं दुपारपाळीला टाकायला सांगा. सभा असती तवा ती पाळी आत असती."