चिखलापासून एक वीत

अणदूरच्या शिवारात शिवप्पांच्या विहिरीवर पोहायला शिकला नाही, असा माणूस त्या आळीत शोधून सापडला नसता. त्यांची पुतणी आरोही तर आठव्या वर्षीच काठावरून मुटके मारायची. आता ती बावीस वर्षांची होती, आणि गेल्या पंधरा दिवसांत तिला पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं की आपल्याला पाण्यातलं काहीच कळत नाही.

ती एका बचाव पथकात वर्षभर काम करत होती. काम म्हणजे काय, तर काठावर उभं राहून दोर धरायचा. खाली उतरायचे ते पाणबुडे. त्यांच्यातली एक जागा रिकामी झाली होती आणि ती आरोहीला हवी होती, झोपेतसुद्धा हवी होती. परीक्षा ऐकायला सोपी होती. तळाच्या चिखलापासून वीतभर वर तीन मिनिटं अधांतरी राहायचं. खाली टेकायचं नाही, वर सुटायचं नाही. विहिरींच्या तळाला लोण्यासारखा गाळ असतो. त्याला बोट लागलं की पाण्याचा चहा होतो, आणि मग शोधायला गेलेल्या माणसाला स्वतःचा हातही दिसत नाही.

पहिल्या परीक्षेत आरोही तलावाच्या तळाशी सरळ पोटावर जाऊन पडली होती.

"मी मासा सोडला होता," प्रशिक्षक संघपाल सर वर आल्यावर म्हणाले होते, "खाली म्हैस कशी पोचली?"

सगळे हसले. आरोहीही हसली, आणि घरी येऊन जेवली नाही.

सरांनी दुसरी आणि शेवटची संधी दिली ती आज, रविवारी, दुपारी चार वाजता, याच विहिरीत. सकाळी सरावाला ते स्वतः जोडीला उतरले. दिवाळी नुकतीच झाली होती. विहिरीत तीस फूट नितळ पाणी होतं. शिवप्पांनी मोटारीचा फ्यूज काढून खिशात ठेवला आणि ते पायरीवर बसले. शेजारच्या रानातला गोरोबा आपले बैल सोडून कठड्यावर येऊन टेकला.

आरोहीनं कमरेला शिशाचे आठ तुकडे बांधले, किलोकिलोचे. पाठीला टाकी, तोंडात तिची नळी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, अंगात हवा भरायचं जाकीट. ती खाली गेली ती दगडासारखी. घाबरून तिनं बटण दाबलं, जाकीट फुगलं, आणि ती बाटलीच्या बुचासारखी वर उसळली. हवा सोडली, पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेला गाळ असा उठला की वरून पाहणाऱ्या गोरोबानं कपाळाला हात लावला.

"शिवप्पा, पोरगी नांगरतीया का काय खाली?"

"तू गप बस," शिवप्पा म्हणाले. त्यांचं लक्ष बुडबुड्यांवर होतं. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पोरं पाण्याखाली गेली की वर बसून बुडबुडे बघायचे.

दोघं वर आले. आरोहीनं पायरीला धरलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण सगळं अंगच ओलं असल्यानं ते कुणाला दिसलं नाही.

"सर, म्या एक इचारू का?" शिवप्पा म्हणाले. "तुमचं बुडबुडं एकसारखं येत्यात. हिचं मधीच थांबत्यात. ही दम कोंडतीया."

सरांचा चेहरा बदलला. "आरोही, खरं?"

"कळत नाही सर. आपोआप होतं."

"टाकी लावून दम कोंडायचा नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलंय! छाती फुगवून तशी वर सुटलीस तर फुप्फुस फाटेल."

"तिचा गुन्हा न्हाय सर," शिवप्पा खाली मान घालून म्हणाले. "म्याच शिकवलंय. पायरी सोडताना छातीभर दम घ्यायचा आन् वर येस्तोवर सोडायचा न्हाय. आमच्याकडं कुठं हुती नळी आन् टाकी?"

सरांनी तिच्या कमरेच्या पट्ट्याला हात लावला. "हे शिसं किती आहे?"

"आठ किलो," आरोही हळूच म्हणाली. "तुम्ही सहा सांगितलं होतं. बुडायला होईना म्हणून मी दोन वाढवले."

"वा! म्हणजे छातीचा फुगा बुडवायला शिसं, आणि शिसं उचलायला परत जाकिटाचा फुगा. आणि माझे सहासुद्धा जास्तच होते, तेव्हाही तुझी छाती फुगलेलीच असणार."

शिवप्पा एकदम हसले. "आरू, तुझ्या पाठीला म्या तेलाचा डबा बांधायचो, आठवतंय?"

"आठवतंय आप्पा. पाच लिटरचा."

"आन् रोज त्यात काय वतायचो?"

आरोहीनं मान वर केली. "तांब्याभर पाणी!"

"पयल्या दिशी डबा रिकामा. मग रोज एक तांब्या. सहाव्या दिशी डबा काठोकाठ भरलेला, त्याचा आधार काय बी न्हाय, आन् तू फिरतीस आपली गोल गोल. एकदम काढला आसता तर भ्यालीच आसतीस. तसंच कर की. एक एक तुकडा काढ."

सरांनी हात पुढं केला आणि आरोहीनं पहिला तुकडा त्यांच्या हातात ठेवला. जाकीट रिकामं करायचं, साधा श्वास घ्यायचा, पाणी कुठवर येतं बघायचं. सात किलोला डोकं बुडालं. सहाला बुडालं. पाचाला कपाळ तेवढं वर राहिलं. चाराला पाणी बरोबर डोळ्यांच्या रेषेत आलं, अर्धं जग हिरवं आणि अर्धं निळं. तिनं श्वास सोडला, आणि कुणी उचलून खाली ठेवावं तशी ती सावकाश उतरली.

तरी दमाची सवय होतीच. त्यावर शिवप्पांनी तोड काढली. मोटारीचा लोखंडी पाइप तळापर्यंत गेलेला होता. पोहणाऱ्या पोरांना वर बोलवायला ते त्यावर दगड वाजवत. उठलेला गाळ खाली बसल्यावर त्यांनी संथ ठेका धरला. एक टण, श्वास आत. दोन टण, श्वास बाहेर.

खाली आरोहीला तो आवाज हाडांत ऐकू येत होता. श्वास आत गेला तरी लगेच काहीच झालं नाही. दोन क्षणांनी अंग किंचित वर उचललं गेलं. श्वास बाहेर, आणि पुन्हा दोन क्षणांनी तेवढंच खाली. हात हलवायचे नव्हते, पाय झाडायचे नव्हते. सारं काही छातीत होतं! तळाचा गाळ वीतभर खाली शांत पडला होता आणि ती त्यावर तरंगत होती, घार तरंगते तशी. तोंडात नळी नसती तर ती ओरडलीच असती.

चार वाजता शिवप्पा दगड घेऊन पाइपाशी सज्ज बसले.

"आप्पा, परीक्षेत भजन नाही," सर म्हणाले. त्यांनी शिवप्पांकडून घरातलं नाव घातलेलं एक भांडं मागून घेतलं होतं. ते दोरीनं अलगद गाळावर सोडलं. "तीन मिनिटं राहायचं, नाव वाचायचं, भांडं वर आणायचं. पाणी गढूळ झालं तर संपलं."

आरोही उतरली, मागोमाग सर. तळाशी एक तांब्या आडवा पडला होता. ती वीतभर वर थांबायला गेली आणि छाती आपोआप गच्च भरली. आठव्या वर्षापासूनची छाती ती, सांगून थोडीच ऐकणार! ती वर निघाली. तांब्या लहान होऊ लागला. सवयीनं हात जाकिटातली हवा सोडायच्या बटणाकडे गेला, आणि तिथंच थांबला.

सोड, तिनं स्वतःला सांगितलं. आणि वाट बघ.

तिनं श्वास सोडला. एक क्षण. दोन. अंग वर जायचं थांबलं, मग खाली येऊ लागलं. गाळ जवळ आला, आणखी जवळ. तिनं घोटभर श्वास घेतला. पुन्हा वाट. वीतभर उरलं असताना ती थांबली. मनातल्या मनात पाइप वाजत होता. समोर सर घड्याळ बघत होते. एक मिनिट, दोन, तीन. सरांनी बोट वर केलं. तांब्याच्या गळ्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. तिनं ते वाचलं आणि हसू आल्यानं मुखवट्यात पाणी शिरलं. दोन बोटांनी तांब्या उचलला, त्याच्या वजनापुरता श्वास थोडा मोठा घेतला. मागं गाळाचा एक कणही उठला नाही.

श्वास चालू ठेवत ती सावकाश वर आली. नळी काढून तिनं मोठ्यानं वाचलं, "सौ. तुळजाबाई गोरोबा माळी!"

विहिरीत सगळीकडे घुमलं ते. गोरोबा कठड्यावरून ताडकन उठला.

"आरं शिवप्पा! चवदा वरसं! माझ्या बायकूनं आख्खी आळी धुंडाळली त्या तांब्यासाठी!"

"डब्यात पाणी वताया आणला हुता," शिवप्पा पुटपुटले. "न्यायचा राहून गेला बग."

तेवढ्यात सर वर आले. "खालचं पाणी काचेसारखं आहे," ते म्हणाले. "उद्यापासून दोर दुसरं कुणीतरी धरेल."

शिवप्पांनी हातातला दगड पाइपावर असा हाणला की रानातली पाखरं उडाली. गोरोबानं खाली वाकून हात पुढं केला. "दे पोरी तांब्या. आता न्हाय सोडायचा."

"तळाशी ठेवते काका. या घेऊन," आरोही म्हणाली, आणि सरांकडे वळली. "सर, टाकीत हवा आहे अजून?"

"आहे की. का?"

तिनं नळी तोंडात धरली. सरांनी हसत आपला मुखवटा खाली ओढला. तांब्या हातात घेऊनच आरोहीनं श्वास सोडला, आणि पाणी तिच्या डोळ्यांवरून वर गेलं.