तळपाय पाहणारा आरसा

मी एक जुना आरसा आहे. पण मित्रांनो, माझ्यासमोर केस विंचरायला येऊ नका. मी माणसांचे तळपाय पाहतो, आणि या कामाचा मला फार अभिमान आहे.

कारखान्यात माझ्या पाठीला लेप लागला, भोवती पितळी कडे बसले, धरायला मूठ मिळाली आणि मी बडोद्याच्या मंगळ बाजारात एका दुकानात टांगला गेलो. तिथून जगदेवरावांनी मला घरी आणले. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, पण मिशा घरात राहिल्या. गोरव्याच्या कारखान्यात कामाला निघण्यापूर्वी जगदेवराव रोज माझ्यासमोर मिशांना पीळ देत आणि बायकोला विचारत, "कसा दिसतो?"

"मिशा दिसतात. माणूस शोधावा लागतो," चिमणाबाई म्हणत. मोठ्या ऐटीचे दिवस होते ते.

मग जगदेवरावांना मधुमेह झाला. गोळ्या ते कधी घेत, कधी विसरत. या आजारात हळूहळू पायांना दुखणे कळेनासे होते, हे कोणी सांगितले असेलही, पण त्यांनी मनावर घेतले नाही. एकदा बुटात लोखंडाचा बारीक तुकडा शिरला आणि ते दिवसभर तसेच वावरले. दुखले नाही, म्हणून पाहिले नाही. जखम चिघळली आणि उजव्या पायाची दोन बोटे कापावी लागली. तेव्हापासून ते घरातही मोजे घालून बसू लागले. मिशांचा पीळ गेला. मी न्हाणीघराच्या फळीवर धूळ खात पडलो. मला फार वाईट वाटत असे.

मला खाली काढले ते चिमणाबाईंनी. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून रोज तळपाय पाहावेत, असे रुग्णालयातल्या नर्सने सांगितले होते. पहिल्या दिवशी मी मनातून चिडलो. कुठे त्या मिशा आणि कुठे या टाचा! पण लवकरच मी एक भेग वेळेवर दाखवली, तिला मलम लागले, ती भरून आली आणि माझा राग पळाला.

पुढे त्याच रुग्णालयाने जगदेवरावांना विचारले, "नव्या रुग्णांचे सोबती व्हाल का?" सोबती म्हणजे डॉक्टर नव्हे. ज्याने हा आजार स्वतः सोसला, त्याने दुसऱ्याच्या घरी जायचे, त्याचे ऐकायचे आणि आपले सांगायचे. जगदेवराव तयार झाले. पिशवीत मी आणि पायात मोजे, अशी आमची स्वारी बडोद्याच्या तरसाली भागात हिंडू लागली.

तिथे कौशल्या राहत होती; तिच्या मराठीत गुजराती मिसळलेली असे. घरी शिवणकाम करायची आणि नवरात्रात सगळ्यांच्या पुढे गरबा खेळायची, तोही अनवाणी. तिला नुकताच मधुमेह निघाला होता. नवरात्र सुरू झाले आणि एका सकाळी आम्ही तिच्याकडे गेलो.

"यंदा कापडी बूट घाल," जगदेवराव म्हणाले.

"माताजींपुढे बूट? नाही ने, काका."

"मग रोज तळपाय तरी बघत जा."

"दुखेल तेव्हा बघेन ने. अत्यारे तर मी एकदम मजेत आहे," असे म्हणून ती पुन्हा मशीनकडे वळली.

जगदेवरावांनी मला जमिनीवर ठेवले आणि उजव्या पायातला मोजा काढला. घरच्या आणि दवाखान्यातल्या माणसांखेरीज तो पाय कोणी पाहिला नव्हता. त्यांनी पाय माझ्यावर धरला.

"हासुद्धा दुखला नव्हता," ते म्हणाले.

कौशल्याचे मशीन थांबले. ती खाली बसली आणि तिने आपला डावा पाय माझ्यावर धरला. अंगठ्याखाली बारीक खडी रुतली होती आणि भोवतालची कातडी लाल होऊन सुजली होती. "मला तर खबर पण नाही," ती हळूच म्हणाली. जगदेवराव रिक्षा आणायला निघाले ते मोजा हातातच घेऊन.

डॉक्टरांनी खडी काढली, जखम धुतली. पाय वाचला. त्या वर्षी कौशल्याने खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या आणि डोळेही पुसले. पुढच्या वर्षी मात्र तिने स्वतः शिवलेले लाल कापडी बूट घातले. त्यांवर टिकलीएवढ्या काचेचे आभले होते, म्हणजे माझीच चिमुकली भावंडे! माताजी काही रागावल्या नाहीत.

आता कौशल्याही सोबती झाली आहे. जगदेवरावांनी स्वतःसाठी नवा आरसा आणून मला तिच्या हाती दिले, पण त्याआधी खूप दिवसांनी माझ्यात तोंड पाहून मिशांना पीळ भरला. "कसा दिसतो?" त्यांनी विचारले. चिमणाबाईंनी त्यांच्या उघड्या पायांकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "आज माणूस दिसतो." मित्रांनो, त्या वेळी मला माझ्या काचेचा जितका अभिमान वाटला, तितका कधीच वाटला नव्हता.

माझ्या कडेचा टवका उडाला आहे, मूठ सैल झाली आहे. तरी तळपाय मी अजून स्वच्छ दाखवतो. तुमच्या घरी मधुमेह असलेले आजोबा असतील, त्यांना वाकता येत नसेल, तर आरसा तुम्ही धरा. काही दुखत नाही, असे ते म्हणतील. तरीही धरा.