शिवणीत गेलेला नाला

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे, एकाहत्तरच्या लढाईचा इतिहास सांगणारा. वय म्हणाल तर सात वर्षे. सात वर्षांच्या पुस्तकाला कोणी जुने म्हणत नाही. मला जुने करण्यात आले, आणि ते कसे केले हे मी स्पष्ट सांगणार आहे.

वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात आम्ही दोन रूपांत जन्मलो. मजकूर एकच. माझे हार्डबाउंड भाऊ दोऱ्याने शिवलेले होते आणि त्यांचे नकाशे वेगळ्या मोठ्या कागदावर, घडी घालून लावलेले. मी पेपरबॅक. माझा प्रत्येक नकाशा समोरासमोरच्या दोन पानांवर, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. त्यात कमीपणा नव्हता. मला पूर्ण उघडले की नकाशा सलग दिसत असे.

डोंबिवलीतल्या एका वाचनालयाने आमच्यातून निवड केली. ग्रंथपाल शुभदाताईंना हार्डबाउंड हवा होता. "नकाशे आहेत यात, मुकुलराव. लढाईचं पुस्तक नकाशाशिवाय कसं वाचणार?"

कार्यवाह मुकुलरावांनी मला हातात घेऊन तोलले. उघडले मात्र नाही. "पेपरबॅकच घ्या हो. आपण पुठ्ठा घालून घेतोच की. तीस वर्षांची पद्धत आहे आपली."

"बरं," शुभदाताई म्हणाल्या. त्या एका शब्दाबद्दल मी त्यांनाही माफ केलेले नाही.

पद्धत अशी, की नवे पेपरबॅक वाचकाच्या हाती पडण्याआधी बांधणीला जाते. कादंबरी असो, पाककृती असो, लढाई असो. बाइंडरने माझ्या पाठीपासून बोटभर आत टोचा मारला, दोरा ओवला आणि वर जाड पुठ्ठा चढवला. परत आलो तेव्हा मी निम्माच उघडत होतो. प्रत्येक नकाशाचा मधला भाग शिवणीत गेला होता. वार्षिक सभेत मुकुलरावांनी मला टेबलावर आपटून दाखवले. "बघा, हार्डबाउंडपेक्षा मजबूत!" टाळ्या पडल्या. वाचता न येणाऱ्या पुस्तकाच्या मजबुतीला टाळ्या!

पुढे मला फारसे कोणी नेले नाही. जे नेत, ते नकाशा आला की पान उलटत.

गेल्या महिन्यात ठाकुर्लीचे निवृत्त सुभेदार मारुती आले. वय त्र्याहत्तर. त्या लढाईत एका नाल्यात त्यांचा सोबती मधू पडला. दोघेही खडवलीचे. मधूची धाकटी बहीण तुळसा अजून तिथेच राहते. घरी आलेल्या तारेत 'सीमेवर' एवढेच होते. भाऊ नक्की कुठे पडला, हे तिला कोणी कधी दाखवले नव्हते. ते नकाशावर दाखवायचे म्हणून सुभेदार तिला सोबत घेऊन आले होते.

त्यांनी पाचवा नकाशा काढला. डाव्या पानावर आपल्या तुकड्या, उजव्या पानावर शत्रूच्या. मध्ये नाला हवा होता. मध्ये शिवण होती.

सुभेदारांनी दोन्ही तळव्यांनी मला दाबले. पुठ्ठा करकरला.

"अहो काका, सावकाश! मोडेल ते," मुकुलराव टेबलावरून ओरडले.

"नाला कुठाय?"

"काय?"

"नाला, साहेब! ज्याच्यात आम्ही कमरेपर्यंत उभे होतो तो. तुम्ही शिवून टाकलाय."

"मग मोबाइलवर बघा ना. हल्ली सगळं असतं त्यात."

"त्यात आमची पलटण नाही. ह्यात आहे. आणि ह्याचं तोंड तुम्ही बंद केलंय!"

"जाऊ दे, दादा," तुळसाबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "पन्नास वर्सं नाय कळलं. आता कशाला भांडतोस यांच्याशी?"

त्या उठल्या, आणि शुभदाताईही उठल्या. "बसा तुळसाबाई," त्या म्हणाल्या. खणातून त्यांनी ब्लेड काढले आणि माझा एकेक टाका कापला. मला दुखले. पुठ्ठा गळून पडला, पाने सुटली. त्यांनी दोन पाने टेबलावर कडेला कड लावून ठेवली. नाला दिसला, टोच्याच्या भोकांसकट.

सुभेदारांनी तुळसाबाईंचे बोट धरून एका वळणावर टेकवले. "हितं. मी पलीकडं होतो, दहा हातांवर."

"फाडलंत? वाचनालयाचं पुस्तक फाडलंत?" मुकुलराव धावत आले.

"फाडलं नाही," शुभदाताई म्हणाल्या. "उघडलं. आपण आणल्यापासून पहिल्यांदा."

तुळसाबाईंनी बोट हलवले नाही. "गाव कोणतं म्हणायचं हे, दादा?"

"आम्हाला कुठं सांगत होते नावं? ह्यात असंल बघ."

जवळच्या गावाचे नाव माझ्या मजकुरात नव्हते, फक्त उजव्या पानाच्या अगदी कडेला छापलेले होते. ती कड आता नव्हती, आणि तिच्याबरोबर ते नाव माझ्याही आठवणीतून गेले होते. कपाटातली रांग सरळ दिसावी म्हणून बाइंडरने माझ्या तिन्ही बाजू यंत्रावर कापल्या होत्या. सगळे त्या कापलेल्या कडेकडे बघत राहिले. मुकुलरावसुद्धा.

मित्रांनो, मी आता नाडीने बांधलेला सुट्या पानांचा गठ्ठा आहे. माझी कीव करू नका. पुठ्ठ्याचे पुस्तक घ्यावे की साधे, हे ठरवायची पाळी तुमच्यावर येईल, तेव्हा नुसता पाठीवरून हात फिरवू नका. ते मधोमध उघडा, आत काय आहे ते बघा, मग ठरवा. माझी हार्डबाउंड आवृत्ती आता विकत मिळत नाही. शुभदाताई ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या वाचनालयांना फोन करत आहेत. तुळसाबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. तुमच्या घरी ती प्रत असेल, तर पाचव्या नकाशाच्या उजव्या कडेवरचे गावाचे नाव वाचा आणि त्यांना लवकर कळवा.